सिव्हिल आणि एन्व्हायर्न्मेंटलच्या बीईच्या मुलांना संशोधनाचं काम कुठे मिळतं?

पैनगंगा | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विदर्भातल्या एका खाजगी कॉलेजात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पाणी आणि पर्यावरण हे विषय मनापासून आवडतात. वर्गातली बरीच मुलं साईटवर जाणार किंवा एमपीएससी करणार. घरचेही मला एमपीएससीच सुचवतात. त्याआधी संशोधन म्हणजे नेमकं काय असतं ते एकदा आत शिरून बघायचं आहे.

बीईत असताना असं काम कुठे मिळतं? आयआयटी-एनआयटीबाहेरच्या मुलांना कुणी घेतं का? सीजीपीए आठच्या जरा खाली आहे.

दुसरं म्हणजे बीई प्रोजेक्ट. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जिथे माझं गाव आहे, तिथे बऱ्याच हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. मला त्यावरच काम करायचं आहे. कॉलेजात सगळे म्हणतात, काँक्रीटवर घे, लवकर उरकतं. काय करू?

शेवाळ | १२ सप्टेंबर, रात्री १०:२५

छान धागा काढलास. मी एन्व्हायर्न्मेंटलमध्ये पीएचडी करते आहे आणि माझीही सुरुवात तुझ्यासारख्याच कॉलेजातून झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आयआयटीबाहेरच्यांना घेतात. आधी बघ विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी (इन्सा) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी या तिघी मिळून ती चालवतात. उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचं, विद्यावेतन मिळतं, आणि इंजिनिअरिंगची मुलंही चालतात. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरून घेतात, म्हणजे तुझ्या हातात महिना-दीड महिनाच आहे. त्यात एक छोटं टिपण लिहावं लागतं आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. मुलं नेमकी इथे अडकतात, कारण तीन वर्षांत एकाही शिक्षकांशी विषयावर बोलणं झालेलं नसतं. 'ही मुलगी हुशार व मेहनती आहे' असं पत्र आणि 'हिने माझ्या लॅबमध्ये अमुक चाचणी स्वतः बसवली' असं पत्र, वाचणाऱ्याला फरक लगेच कळतो.

त्याखेरीज आयआयटींचे स्वतःचे कार्यक्रम आहेत. गांधीनगरचा एसआरआयपी, कानपूरचा सर्ज, मद्रासची समर फेलोशिप, रुरकीचा स्पार्क. यांचे अर्ज बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये येतात. तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नकोस, संस्थेच्या साईटवरच बघ.

आणि तू विदर्भातली, म्हणजे नीरी तुझ्या दारात आहे! १९५८ साली नागपूरला ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, हे नाव मिळालं. फ्लोराइड काढण्याचं नलगोंडा तंत्र, म्हणजे तुरटी आणि चुना टाकून, घुसळून, गाळ बसू देण्याची पद्धत, नीरीनेच विकसित केली. तुझ्या विषयावर देशात जे मूळ काम झालं त्यातलं मोठं काम नागपुरात झालं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना कॉलेजच्या पत्रासह लिही.

मुरूम | १२ सप्टेंबर, रात्री ११:१०

थोडं वेगळं मत मांडतो. मी साईट इंजिनिअर आहे, पुण्यात. तिसऱ्या वर्षाच्या पोराने उन्हाळा साईटवर घालवावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा पातळपणा, किती मिळाला तर काँक्रीटची गाडी परत पाठवायची हे ठरवता येत नाही, सळ्या कशा कापायच्या-वाकवायच्या याचं बार बेंडिंग शेड्यूल वाचता येत नाही. आणि बीईतलं बरंच संशोधन म्हणजे सिमेंटच्या जागी अमुक टक्के कसली तरी राख टाकली, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) ताकद बघायला फोडले, आलेख काढला, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधली. यातून कुणाला काय मिळतं?

गाळ_आणि_निवळ | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतो. मुरूम, तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. ब्लॅक बुका माझ्याही टेबलावर येतात. पण यात दोष संशोधनाचा नाही. प्रश्न आधीच ठरलेला असतो, उत्तरही ठरलेलं असतं आणि मधली मेहनत मुलांनी करायची असते, तिथे बिघडतं.

पैनगंगा, फ्लोराइड सोडू नकोस. फक्त काय करायचं ते नीट ठरव. या विषयावरचे नव्वद टक्के विद्यार्थी-प्रोजेक्ट एकाच साच्यातले असतात असं माझं निरीक्षण आहे: संत्र्याची साल, तांदळाचं तूस किंवा नारळाची करवंटी जाळून कोळसा करायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवायचं, कोळसा टाकून हलवायचं, इतके टक्के फ्लोराइड निघालं म्हणून लिहायचं. गावातलं पाणी डिस्टिल्ड नसतं. त्यात बायकार्बोनेट असतं, सल्फेट असतं, आणि ते कोळशावरच्या त्याच जागांसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करतात. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड शोषून घेणारे दाणे, साडेपाचच्या आसपासच्या पीएचला सगळ्यात चांगलं चालतं. फ्लोराइडवाल्या विहिरीचं पाणी बहुधा साडेसातच्या पुढे असतं. त्यामुळे प्रयोगशाळेत जे चाललं ते हातपंपाखाली चालत नाही. वापरून झालेला कोळसा कुठे टाकायचा, हे तर कुणीच लिहीत नाही.

बीईच्या मुलीला एका वर्षात करता येईल आणि गावाच्या कामी येईल असा प्रश्न माझ्या मते हा: आपल्या दहा-बारा गावांत कोणत्या स्रोतात फ्लोराइड जास्त आहे, कोणत्यात कमी, आणि का? खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, त्यात बरेचदा फ्लोराइड जास्त निघतं. शेजारच्याच उथळ विहिरीत ते कमी असू शकतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलं की खडकातलं फ्लोराइटसारखं खनिज पाण्यात उतरत राहतं. म्हणजे नुसतं फ्लोराइड मोजून भागणार नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, पीएच, ईसी (विद्युतवाहकता) हे सगळं मोजायला हवं. हे सगळं मोजलं की ऋण आणि धन आयनांची बेरीज जुळते का तेही तपासता येतं. पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर मोजण्यात कुठेतरी चुकलं आहे. ही एक तपासणी शिकलीस तरी तुझ्या आकड्यांवर दुसरा माणूस विश्वास ठेवील.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. या दोन आकड्यांच्या मधले स्रोत किती आणि १.५ च्या वरचे किती, एवढा नकाशा जरी नीट काढलास तरी ग्रामपंचायतीला तो हवा असेल.

पैनगंगा | १३ सप्टेंबर, दुपारी १:०५

सर, खूप आभार. शेवाळताई, तुमचेही. सर, एक अडचण आहे. आमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, पण फ्लोराइड मोजायचा आयन इलेक्ट्रोड नाही. स्पॅडन्स पद्धतीने, म्हणजे रंगातल्या बदलावरून, मोजलं तर चालेल का?

गाळ_आणि_निवळ | १३ सप्टेंबर, दुपारी २:३०

विहिरीच्या साध्या पाण्यासाठी चालेल, पण अल्कलिनिटी खूप जास्त असेल तर आकडा बिघडतो हे लक्षात ठेव. तुरटी वापरून शुद्ध केलेल्या पाण्यासाठी मात्र स्पॅडन्सवर थेट विसंबू नकोस. पाण्यात उरलेलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला बांधून ठेवतं आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी फ्लोराइड दाखवतं. शुद्धीकरण झकास झालं असं वाटतं आणि ते झालेलं नसतं. इलेक्ट्रोडने मोजताना टिसॅब नावाचं द्रावण घालतात ते यासाठीच, ते बांधलेलं फ्लोराइड मोकळं करतं.

मार्ग असा: सगळे नमुने स्पॅडन्सने मोज, आणि त्यातले निवडक, कमी-मध्यम-जास्त असे तिन्ही पट्ट्यांतले, दुसऱ्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडने मोजून घे. आपल्याकडे जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. प्राचार्यांचं पत्र घेऊन जा आणि काय करते आहेस ते नीट सांग. सरकारी कार्यालयात विद्यार्थ्याला कुणी विचारत नाही असं मानून मुलं जातच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. स्वतःच्या कामाबद्दल कुणी आस्थेने विचारलं की भूवैज्ञानिक मंडळी तासभर बोलतात. त्यांच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा पाणीपातळी मोजली जाते. तुझ्या तालुक्याची ती मालिका माग.

आयर्विन | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

सांगलीचा आहे, चौथ्या वर्षाला. लॅब नसेल तरी संशोधन करता येतं एवढं सांगायला आलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. इथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. आमच्या घरातही पाणी होतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही, प्रोजेक्टही पुरावरच घेतला आहे. लागणारं सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं: पावसावरून विसर्ग काढायला एचईसी-एचएमएस आणि पूर कुठवर पसरतो ते बघायला एचईसी-रास, दोन्ही अमेरिकी लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचं, नकाशांसाठी क्यूजीआयएस, उपग्रहचित्रांसाठी सेंटिनेल. भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा पावसाचा जाळीदार डेटा मोफत उतरवता येतो.

पण एक गोष्ट आमच्या मॅडमनी दाखवली, ती इथे लिहितो. ती जाळी पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकट साधारण २६-२८ किलोमीटरची. सह्याद्रीत एवढ्या अंतरात पाऊस पार बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. कृष्णा-कोयनेचं बहुतेक पाणी याच पट्ट्यात गोळा होतं. चौकटीची सरासरी घेऊन मॉडेल चालवलं तर पूर खोटाच निघतो. म्हणून आम्ही पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळवून जाळीशी ताडून बघतो आहोत. शिवाय गल्लीगल्लीत फिरून भिंतींवरच्या २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा लेव्हल लावून मोजल्या. लोक स्वतः बाहेर येऊन दाखवतात, 'इथवर होतं बघा'. त्या खुणांवरून मॉडेल कुठे चुकतं ते कळतं. पुढच्या काही वर्षांत घरं रंगवली जातील, खुणा जातील. त्यामुळे हे काम आत्ताच करण्यासारखं आहे, आणि त्याला इन्स्ट्रुमेंट म्हणून फक्त डंपी किंवा ऑटो लेव्हल लागते, जी प्रत्येक सिव्हिल विभागात असते. चिपळूण, महाड, कोल्हापूरच्या मुलांनीही करावं असं मनापासून वाटतं.

खडकवासलेकर | १४ सप्टेंबर, सकाळी १०:२०

आयर्विन, फार चांगलं काम करतो आहेस बाळा. मी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातून निवृत्त झालो. ही संस्था १९१६ पासूनची, आणि पुणे-मुंबईच्या सिव्हिलच्या मुलांनाही तिथे काय चालतं हे पुरेसं माहीत नसतं याची मला खंत वाटते.

तिथे धरणांचे सांडवे, बंदरं, नद्या यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात पाणी सोडून अभ्यास करतात. मुलांना पुस्तकातला फ्राउड अंक (पाण्याचा वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचं नातं सांगणारा) पाठ असतो, पण त्याचा अर्थ तिथे उभं राहिल्यावर उमगतो. समजा प्रतिकृती १:३६ प्रमाणात आहे. मग वेग आणि काळ दोन्हींचं प्रमाण ३६ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे १:६. खऱ्या नदीतला सहा तासांचा पूर प्रतिकृतीत एका तासात जातो. विसर्गाचं प्रमाण मात्र ३६ चा अडीचावा घात, म्हणजे १:७७७६. खऱ्या सांडव्यावरून सेकंदाला ७७७६ घनमीटर पाणी जायचं असेल तर प्रतिकृतीत एक घनमीटर सोडायचं. हे गणित कागदावर दहा मिनिटांचं आहे. पण पाण्याचा पृष्ठताण आणि चिकटपणा काही त्या प्रमाणात कमी होत नाहीत, म्हणून प्रतिकृती किती लहान करायची याला मर्यादा येते. ती मर्यादा कुठे येते हे ठरवणं हाच आमच्या कामातला कस असे.

अशा संस्थेत शिरायचं तर कॉलेजमार्फत, विभागप्रमुखांच्या सहीने, पुरेसं आधी पत्र पाठवावं. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, हीसुद्धा १९५९ पासून माती, काँक्रीट, जलविज्ञान, सगळ्यावर काम करते. उत्तर महाराष्ट्रातल्या मुलांनी तिकडे जरूर बघावं. सरकारी संस्थांत विद्यावेतन मिळेलच असं धरू नका. राहायची सोय, फी आहे का, प्रमाणपत्र कोण देणार, हे पत्रव्यवहारातच विचारून घ्या.

मुरूम | १४ सप्टेंबर, रात्री ८:४५

काका, सुंदर प्रतिसाद. सर, तुमचं 'प्रश्न आधीच ठरलेला' हे पटलं. मग काँक्रीटवाल्या मुलांसाठी माझ्याकडून थोडं.

राखेचेच क्यूब करायचे असतील तर निदान ५६ आणि ९० दिवसांचे करा. फ्लाय ॲश उशिरा ताकद घेते, २८ दिवसांवर निकाल लावणं तिच्यावर अन्याय आहे. पण मग जुलैतच ओतायला सुरुवात करावी लागते, फेब्रुवारीत नाही. प्रत्येक मिश्रणाचे किमान तीन क्यूब, आणि आयएस ४५६ प्रमाणे तिन्हींत सरासरीपासून पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर तो निकाल धरायचा नाही. नुसत्या ताकदीपेक्षा पाणी किती शोषतं, क्लोराइड किती आत जातं हे बघा, कारण मुंबई-कोकणात इमारती गंजाने जातात.

आणि साईटवर खरंच उत्तर हवं असलेला प्रश्न: पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यातली खडी. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने ती ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी दिली आहे. पण तिला चिकटलेल्या जुन्या सिमेंटमुळे ती पाणी फार पिते आणि पंपाने काँक्रीट चढवताना स्लम्प पडतो. किती वेळ आधी भिजवावी, काँक्रीट पातळ करणारं प्लास्टिसायझर कधी घालावं, यावर कुणी चिकाटीने काम केलं तर आमच्यासारखे लोक वाचतील. पुण्यातल्या कुणाला हे करायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खडी मी देईन, क्यूब आमच्या क्यूब टेस्टिंग मशीनवर फोडू.

राईनकाठचा | १५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

जर्मनीत मास्टर्स करतोय, पाण्यावरच. परदेशी संधींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

डीएएडी या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची वाईज शिष्यवृत्ती खास भारतातल्या बीई-बीएससीच्या मुलांसाठी आहे, उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मनीतल्या विद्यापीठात किंवा संस्थेत काम. अर्जाची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, पण तिथल्या प्राध्यापकांचं निमंत्रण स्वतः मिळवावं लागतं. म्हणजे ईमेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जायला हवेत. कोणत्या संस्थांचे विद्यार्थी चालतात याची अट असते, ती आधी वाचा. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप बारा आठवड्यांची. तिथे प्रकल्पांची यादी असते, त्यातून निवडायचं. अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत. दोन्हींसाठी पासपोर्ट तयार ठेवा.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे (एनएसएफ) आरईयू नावाचे पदवीच्या मुलांसाठीचे संशोधन कार्यक्रम इंटरनेटवर सगळ्यात आधी दिसतात, सिव्हिल-एन्व्हायर्न्मेंटलचे तर फार सुंदर आहेत. पण त्या पैशातून फक्त अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच घेता येतं. त्यावर वेळ घालवू नका.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना: शंभर जणांना एकच मजकूर पाठवलात तर तो वाचलाच जात नाही. ज्यांना लिहिताय त्यांचा अलीकडचा एक पेपर खरोखर वाचा, त्यातलं तुम्हाला न कळलेलं किंवा पुढे नेता येईल असं एक वाक्यात विचारा, मग तुम्ही स्वतः काय मोजलं आहे, काय चालवता येतं आणि कोणत्या तारखांना मोकळे आहात ते लिहा. सगळं मिळून पंधरा ओळींच्या आत. दोन आठवड्यांनी एकदा विनम्र आठवण करून द्या, मग थांबा.

पैनगंगाने सरांनी सांगितलेलं काम केलं तर तिच्या ईमेलमध्ये 'मी माझ्या तालुक्यातल्या पाण्याचे नमुने घेऊन आयन बॅलन्स तपासला आहे' हे वाक्य येईल. माझ्या आत्ताच्या प्रयोगशाळेत निवड करताना आमचे प्राध्यापक हेच शोधतात. सीजीपीए त्यानंतर बघतात.

जास्वंद_आई | १५ सप्टेंबर, रात्री ९:१५

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून वाचत होते. इथे सगळे इतकं मनापासून सांगत आहेत, फार बरं वाटलं. एक शंका. उन्हाळ्यात दोन महिने परगावी राहायचं, खर्च, सुरक्षितता, यांचं काय? आणि हल्ली कॉलेजवाले मुलांना पेपर छापायला सांगतात, त्याचे पैसे भरावे लागतात. हे बरोबर आहे का?

शेवाळ | १५ सप्टेंबर, रात्री १०:००

ताई, आयआयटींच्या कार्यक्रमांत बहुतेक वेळा कॅम्पसवरच्या हॉस्टेलात जागा मिळते, मुलींचं हॉस्टेल वेगळं असतं आणि कॅम्पस सुरक्षित असतात. अर्ज करतानाच हॉस्टेलचं विचारावं. विद्यावेतनात जेवणखाण भागतं, प्रवास आपला धरावा. सरकारी संस्थेत जागा नसेल तर जवळच्या एखाद्या कॉलेजचं हॉस्टेल उन्हाळ्यात रिकामं असतं. पत्र दिलं तर कधीकधी जागा मिळते.

पेपरबद्दल सर लिहितीलच.

गाळ_आणि_निवळ | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५५

जास्वंद ताई, हे बरोबर नाही. दोन-तीन दिवसांत 'स्वीकारला' म्हणून कळवणारी आणि त्याचे पैसे मागणारी नियतकालिकं मुलांचं नुकसान करतात. खरं परीक्षण व्हायला महिने लागतात, आणि परीक्षकांच्या शेऱ्यांतूनच मूल शिकतं. युजीसीची विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी होती, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता पारखायची जबाबदारी पूर्णपणे शिक्षकांवर आहे. तीन प्रश्न विचारावेत: या नियतकालिकातले पेपर मी ज्यांचं वाचतो ते लोक उद्धृत करतात का? संपादक मंडळातले लोक या विषयात खरंच काम करतात का? आणि माझ्या पेपरवर कुणी काही सुधारणा सुचवली का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तो पेपर नसलेला बरा. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत तो पेपर समोर येतो आणि विद्यार्थ्याला उत्तर देता येत नाही, हे मी बघितलं आहे, आणि त्या मुलांसाठी जीव तुटतो.

काम मांडायचंच असेल तर आपल्याकडे आविष्कार आहे. राज्यातल्या विद्यापीठांची आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा. पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो, अभियांत्रिकीचा विभाग वेगळा. आधी जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ, मग राज्य. पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकांना तोंडी उत्तरं द्यावी लागतात. फ्लोराइडचा नकाशा घेऊन कुणी उभं राहिलं तर मला तो बघायला आवडेल.

माळरान | १६ सप्टेंबर, दुपारी १२:४०

+१ सरांना. आणखी एक दार सांगतो. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञानावरच्या सितारा केंद्रातून आणि उन्नत महाराष्ट्र अभियानातून जिल्ह्यातल्या कॉलेजांनी गावच्या पाणीपुरवठा योजना तपासायच्या, असं काम सुरू झालं. आमच्या कॉलेजात मी ते केलं. टाकी किती उंच, पाइप किती व्यासाचा, शेवटच्या वस्तीला पाणी का पोचत नाही, हे गावात फिरून मोजायचं आणि ईपानेट या पाइपजाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बघायचं. पाइपांचे व्यास स्वस्तात कसे निवडावेत यासाठी आयआयटी मुंबईनेच जलतंत्र नावाची प्रणाली केली आहे, तीही खुली आहे. शेवटच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन कुठे जातात हे बघितल्यावर हेडलॉसचं, म्हणजे पाइपात दाब कमी होण्याचं, समीकरण मी पुन्हा कधी विसरलो नाही. पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था भूजलावर फार गंभीरपणे काम करते, पाणलोट आणि झऱ्यांवरही. भूजलाची आवड असलेल्यांनी त्यांचं लिखाण जरूर वाचावं.

पैनगंगा | २० सप्टेंबर, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती झाली आहे.

आमच्या एका मॅडमनी गाईड व्हायला होकार दिला. सरांनी लिहिलेली डिस्टिल्ड वॉटरची गोष्ट मी त्यांना सांगितली, त्या म्हणाल्या नकाशाचंच करू, सोबत दोन वर्गमैत्रिणीही येणार आहेत. ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतरचे नमुने, मे महिन्यात उन्हाळ्याचे, आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा, असं ठरलं. अकादमीच्या फेलोशिपचं टिपण लिहायला घेतलं आहे. शेवाळताई, झालं की तुम्हाला पाठवते, वाचाल ना? जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात सोमवारी पत्र घेऊन जाणार आहे. बाबा म्हणाले, मीच मोटरसायकलवर नेतो.

सर, एकच विचारायचं राहिलं. हातपंपाचा नमुना घेताना काय काळजी घ्यायची?

गाळ_आणि_निवळ | २० सप्टेंबर, रात्री ९:०५

बाटली पॉलिथीनची घे, काचेची नको. फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करू शकतं. पाइपात साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत पंप हापस. मिनिटं मोजण्यापेक्षा ईसी मीटर धर आणि आकडा स्थिर झाला की मग भर. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळ, काठोकाठ भर, हवा ठेवू नकोस. पीएच आणि ईसी तिथेच मोज, अल्कलिनिटी त्याच दिवशी. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना घे आणि एक बाटली डिस्टिल्ड वॉटरची सोबत फिरव. कॅल्शियम-सोडियमसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब. फ्लोराइडच्या बाटलीत आम्ल घालू नकोस.

वहीत लिहायचं: जीपीएस, पंप किती फूट खोल, कुणी सांगितलं, किती घरं त्यावर पाणी भरतात, जवळ दुसरी विहीर आहे का. पेन्सिलने लिही, पेनाची शाई पाण्याने पसरते. ऑक्टोबरचे आकडे आले की इथेच टाक, आयन बॅलन्स मिळून तपासू.